मधल्या जागा

पहिले काही बाण नदीवर फुटले तेव्हा देविका शांत होती. लाल म्हणजे स्ट्रॉन्शियम, हिरवा म्हणजे बेरियम, असं तिच्या डोक्यात आपोआप चाललं होतं. लातूरच्या कॉलेजात बारावीच्या वर्गाला वर्षानुवर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्याची ती खोड. कार्तिकी पौर्णिमेची संध्याकाळ होती. नांदेडचा नदीकाठ माणसांनी भरून गेला होता आणि काठावरच्या मोहल्ल्यांनी मिळून केलेल्या उत्सवात यंदा प्रथमच खास रचलेल्या संगीतावर आतषबाजी होत होती. संगीत तिच्या धाकट्या भावाचं, मिहिरचं होतं. तो त्यासाठी पुण्याहून आला होता आणि त्याची बहीण म्हणून तिला पहिल्या रांगेत, पांढरं कापड घातलेली खुर्ची मिळाली होती. तबला वाजत होता, सूर चढत होते, सुरांबरोबर बाण चढत होते आणि बरोबर समेवर फुटत होते. लोक माना वर करून बघत होते. मग एकदम सगळं थांबलं. आकाशात नुसता धूर राहिला आणि सगळ्या स्पीकरांमधून एका म्हाताऱ्या माणसाचं गुणगुणणं यायला लागलं. शब्द नव्हते. घशातून खरडत आलेला, मधेच कापणारा, तरी सूर न सोडणारा आवाज. देविकाने तो ओळखला. हे बाबा होते. दुपारी जेवतानाचे बाबा.

बाबा, म्हणजे लक्ष्मणराव, किनवटच्या एका निवासी शाळेत संगीत शिकवायचे. वसतिगृहातल्या पोरांना उठवण्यासाठी त्यांनी स्वतः एक चाल बांधली होती. व्हरांड्याच्या टोकाला उभं राहून ते अर्धी ओळ म्हणायचे आणि अंथरुणातली पोरं झोपाळू आवाजात उरलेली अर्धी म्हणायची, की ते पुढच्या ओळीकडे वळायचे. शेवटच्या ओळीपर्यंत सगळी खोली जागी झालेली असे. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आई, सगुणाबाई, आधीच गेलेली. मिहिर धावत आला, दवाखान्यात रडला, आणि त्याचं काम त्याची वाट बघत होतं म्हणून परत गेला. देविका लातूरहून नांदेडला बाबांच्या घरी थोड्या दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. आधी रजा घेतली, मग नोकरी सोडली. नवरा वैजनाथ बँकेत, त्याला लातूर सोडता येत नव्हतं. तो रविवारी येई, सासऱ्यांची दाढी करून देई आणि संध्याकाळच्या बसने परत जाई. या सगळ्यातली सर्वांत अवघड गोष्ट जेवण होती. बाबा दातावर दात घट्ट आवळून बसत. कालवलेला मऊ भात हनुवटीवरून ओघळे, ती तो चमच्याने गोळा करी, पुन्हा ओठांना लावी. डॉक्टर म्हणाले होते की असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. एका दुपारी दमून, चमचा हातात तसाच धरून, ती काहीतरी गुणगुणायला लागली. आपण काय गुणगुणतोय याकडे तिचं लक्षही नव्हतं. ती किनवटची चाल होती. तिची अर्धी ओळ संपली आणि बाबांच्या घशातून उरलेली अर्धी आली, आणि ओळ संपताना तोंड उघडंच राहिलं. तिने चमचा घातला. त्यांनी गिळलं. तिने पुढची ओळ धरली.

तेव्हापासून रोज असंच. एक ओळ, एक घास. गोळ्या तशाच, पाणी तसंच. देविकाने ही गोष्ट कुणाला फार सांगितली नाही. सांगितली असती तर लोक म्हणाले असते की किती छान, आणि तिला ते ऐकायचं नव्हतं, कारण त्यात छान काय ते तिचं तिलाच नीट कळत नव्हतं. लहानपणी बाबा मिहिरला पेटीवर घेऊन बसत. तीही जाऊन बसायची, सूर लावायची, आणि बाबा पेटीवरचा हात न काढता दुसरा हात तिच्याकडे आडवा धरायचे. रागावून नाही, अगदी सहज, येणारी सायकल थांबवावी तसा. तुझा आवाज फाटतो गं, तू टाळ धर, असं ते म्हणायचे. तिने टाळ धरले. पुढे टाळही सोडले आणि प्रयोगशाळेत गेली, तिथे कुणाचा आवाज फाटत नव्हता. आता वयाच्या या टप्प्यावर तोच माणूस दिवसातून तीनदा तिच्या तोंडाकडे बघत बसायचा, ती कधी गाते म्हणून. तिला कधी हसू यायचं, कधी चमचा भिंतीवर फेकावासा वाटायचा. पण ती गायची. शेजारच्या तुळजाबाई मदतीला यायच्या, त्या म्हणायच्या, "ताई, तुमचं न्हाई ऐकलं तर माणूस जेवत न्हाई, हे काय कमी हाय का." कमी की जास्त, याचा हिशेब देविकाने टाळला होता.

श्रावणात मिहिरचा फोन आला होता. बाबांची फार आठवण येते ताई, त्यांचा आवाज पाठव ना, काहीही चालेल, असं तो म्हणाला. त्याचा स्वर खरोखर ओला होता. तिने दुपारी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि सगळं जेवण रेकॉर्ड केलं: तिची अर्धी ओळ, त्यांची अर्धी, चमच्याचा आवाज, ठसका, हळू बाबा, गिळली का गोळी, परत तिची ओळ. पाठवताना तिला जरा लाजही वाटली होती. आपला गातानाचा आवाज तो किती वर्षांनी ऐकेल, असं मनात आलं होतं. त्याचं उत्तर आलं, खूप सुंदर, आणि त्यापुढे हात जोडल्याचं चित्र.

तेच आता नदीवर वाजत होतं. ती ओळखत होती, कारण तिसऱ्या ओळीपाशी बाबांचा श्वास अडकतो तो तिथेच अडकला. पण ठसका नव्हता. चमचा नव्हता. आणि जिथे ती होती तिथे सनई होती. अगदी तिचीच अर्धी ओळ, तीच लांबी, तोच उतार, पण सनईवर, गोल, गुळगुळीत, तूप लावल्यासारखी. सनई विचारायची आणि बाबा उत्तर द्यायचे, आणि प्रत्येक उत्तराबरोबर नदीच्या मधोमध उभ्या केलेल्या होड्यांवरून सोनेरी झाडं वर जायची आणि पाण्यावर विझत यायची. देविका खुर्चीत बसून प्रत्येक सनईखाली स्वतःला शोधत होती. इथे मी गोळी दिली. इथे मी हनुवटी पुसली. इथे माझा आवाज खरंच फाटला होता, आणि ते हसले होते, लकवा झाल्यापासून पहिल्यांदा हसले होते. त्या हसण्याचा थोडासा घोगरा तुकडा मिहिरने ठेवला होता. आता ते सनईला हसत होते.

शेवटचे बाण संपले, धुराचा आणि गंधकाचा वास खाली उतरला आणि मिहिर मंचावर आला. तलम कुर्ता, डोळे भरलेले. तुम्ही ऐकला तो माझ्या वडिलांचा आवाज, ते आता बोलू शकत नाहीत पण संगीताशी अजून बोलतात, असं तो म्हणाला, आणि काठावरून टाळ्यांची लाट आली. उत्सव समितीचे अध्यक्ष माणिकप्पा चष्मा काढून डोळे पुसत होते. देविकाच्या शेजारची बाई तिच्याकडे वळून म्हणाली की असा मुलगा पोटी येणं नशिबात असावं लागतं. देविका उठली. मधल्या वाटेने, लोकांच्या गुडघ्यांवर आदळत, ती बाहेर पडली. घर काही लांब नव्हतं. रस्ताभर कुरमुऱ्यांचे गाडे, खांद्यावर बसलेली लेकरं, मोबाइलवर आत्ताच काढलेली दृश्यं पुन्हा बघणारी माणसं. एका मोबाइलमधून बाबांची ओळ आली, बारीक होऊन. चालताना तिला कळत होतं की राग पायांत आहे. डोक्यात अजून फक्त प्रश्न होते, साधे, मूर्ख प्रश्न: त्याने माझा आवाज काढून टाकताना ऐकलं तर असेलच ना? काढायला आधी ऐकावं लागतं. पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. म्हणजे त्याने तिला पुण्याच्या कुठल्यातरी थंड खोलीत बसून ओळीन् ओळ ऐकलं होतं, आणि मग काढलं होतं.

घरी तुळजाबाई पलंगापाशी बसल्या होत्या. बाबांचा डावा हात त्यांच्या हातात होता. चादर ओली झाली होती. तुळजाबाईंनी हळू आवाजात सांगितलं की बार सुरू झाले तेव्हा ते लई भ्याले, हात धरला तो सोडेचनात. आणि मग म्हणाल्या, "मग त्यांचाच आवाज आला वो ताई नदीवरून. कसं काय ते मला न्हाई कळलं. पर ते खिडकीकडं बघून राहिले अन् दर ओळीला तोंड उघडायचे. उघडायचे अन् तसेच बसायचे. मला वाटलं भूक लागली. भात आणला तर तवर ते संपलं, मग दात आवळले."

देविकाने बाबांकडे बघितलं. ते खिडकीकडेच बघत होते. सगळा नदीकाठ त्यांच्या आवाजाला टाळ्या वाजवत असताना हा माणूस इथे अंधारात पाखराच्या पिलासारखं तोंड उघडून घास मागत होता, दर ओळीला, आणि दर ओळीला घास आला नव्हता. तेव्हा राग पायांतून वर आला. तिने बाबांना कुशीवर वळवलं, अंग पुसलं, ओली चादर खालून काढली. तेवढ्यात दारात माणसांचा आवाज झाला. मिहिर, माणिकप्पा, समितीची दोघं-तिघं, एकाच्या हातात शाल आणि नारळ, एकाने फोटोसाठी मोबाइल आधीच वर धरलेला. माणिकप्पा देगलूरकडचे, मऊ बोलणारे, मनाने वाईट नसलेले. ते म्हणाले की गुरुजींना जागेवरच शाल पांघरतो, दोन मिनिटांचं काम आहे, गावाची इच्छा आहे. देविका ओली चादर हातात घेऊन दारात उभी राहिली. आत्ता जमणार नाही, असं तिने सांगितलं. माणिकप्पा हसून म्हणाले, अहो ताई, नुसता एक फोटो. मिहिरही म्हणाला, ताई, दोन मिनिटं.

"ते ओले झालेत," देविका म्हणाली. "मी बदलून राहिले. कुणी आत यायचं नाही."

चादरीचा वास दारापर्यंत पोचला असावा. मोबाइल खाली आला. माणिकप्पांनी शाल आणि नारळ बाहेरच्या खुर्चीवर ठेवला, हात जोडले, आणि माणसांना घेऊन निघून गेले. तुळजाबाईही पदर सावरत गेल्या. मिहिर राहिला. त्याच्या चेहऱ्यावर अपमान होता आणि त्याखाली गोंधळ. गावासमोर असं करायला नको होतं, असं तो म्हणाला. ती आत गेली, कोरडी चादर घातली, बाबांना सरळ केलं, हात धुतले. तो मागे मागे फिरत होता. कार्यक्रम आवडला नाही का, बाबांसाठीच तर केलं सगळं, लोक रडत होते ताई, असं काय काय बोलत होता. ती हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली.

"माझा आवाज कुठं गेला, मिहिर?"

त्याला खरंच आधी समजलं नाही. मग समजलं, आणि त्याला हायसं वाटल्यासारखं दिसलं, की एवढंच आहे तर. त्याने समजावून सांगितलं. फोनवरचं रेकॉर्डिंग, एवढे मोठे स्पीकर, उघडा काठ. बाबांचा आवाज वेगळा करून स्वच्छ करायलाच किती रात्री गेल्या. तिचा ठेवायचा प्रयत्न केला होता, खरंच केला होता. "पण काढावा लागला, ताई. फाटत होता."

त्याला माहीत नव्हतं तो कुणाचा शब्द बोलला ते. तेव्हा तो लहान होता, पेटीवर त्याची बोटंही पुरत नव्हती. देविकाला एकाच वेळी दोघांच्याही थोबाडीत मारावीशी वाटली, समोर उभ्या असलेल्याच्या आणि पलंगावर पडलेल्याच्या. हे तिने मनात पुरतं कबूल केलं आणि तिला लाज वाटली नाही. पलंगावरच्या माणसाने तिला आयुष्यभर गप्प बसवलं आणि आता पोटासाठी गायला लावलं, आणि या दुसऱ्याने ते गाणंही पुसून त्यावर सनई ठेवली, आणि दोघांपैकी कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. वाईट असतं तर भांडता आलं असतं. ती स्वयंपाकघरात गेली, भात पुन्हा गरम केला, दूध घालून मऊ केला, आणि वाटी-चमचा आणून मिहिरच्या हातात दिला. उद्या सकाळी ती लातूरला, तिच्या घरी जाते आहे आणि पुढच्या रविवारी परत येईल, असं तिने सांगितलं. मिहिर म्हणाला की परवा त्याचं पुण्यात रेकॉर्डिंग आहे, चार माणसं अडकलीत. ती म्हणाली, मी विचारत नाही, सांगून राहिले. मग तिने गोळ्यांचा डबा दाखवला, तुळजाबाई सकाळी अंघोळ घालायला येतील ते सांगितलं, आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. बाहेर मिहिर किनवटची चाल गायला लागला. त्याचा आवाज सुरेख होता, नेहमीच होता. बाबांकडून काही आलं नाही. त्याने पुन्हा गायली, वरच्या पट्टीत, खालच्या पट्टीत. मग चमचा वाटीत पडल्याचा आवाज आला. "ताई," त्याने हाक मारली. ती गेली नाही. बाबा आज उपाशी झोपतील हे तिला कळत होतं. ते कळत असतानाही ती गेली नाही.

सकाळच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून तिने लोह्यापर्यंत स्वतःला शिव्या दिल्या. पुढे त्या थांबल्या. रस्त्याकडेला सोयाबीन निघालेली काळी रानं होती, कुठे हरभरा उगवत होता. अहमदपूरला बस थांबली तेव्हा तिने चहा घेतला आणि तो गरम असताना प्यायली. लातूरच्या घरात वैजनाथने मिठाचा डबा वेगळ्या फळीवर ठेवला होता, तिच्या पुस्तकांवर धूळ होती, आणि गॅलरीतली तुळस मात्र त्याने जपली होती. तो तिला अचानक बघून चकित झाला. ऑफिसला फोन करून उशिरा येतो म्हणाला आणि पोळ्या लाटायला बसला. ती सांगत गेली. सांगताना आवाज चढत गेला, मधे खरोखर फाटला, आणि तिने तो आवरला नाही. वैजनाथ तवा उतरवून ऐकत राहिला. मग फक्त एवढंच म्हणाला की हे तू त्या दोघांना याच आवाजात सांगायला हवं होतंस.

मिहिरचे फोन येत राहिले. पहिल्या दिवशी बाबांनी बोट चावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन गेले, सलाइन लावावं लागलं. तिने ऐकलं, कोणत्या बाजूने उशी द्यायची ते सांगितलं, आणि फोन ठेवला. त्या रात्री तिला झोप लागली नाही. वैजनाथ म्हणाला, जायचं असेल तर सोडतो. ती म्हणाली, रविवारी. तिला वाटत होतं की आपण काहीतरी भयंकर करतो आहोत, आणि हेही वाटत होतं की हे भयंकर गेली दोन वर्षं रोज आपण एकटीने अडवून धरलं होतं आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

शुक्रवारी दुपारी पुन्हा फोन वाजला. मिहिर घाईघाईने नाही, हळू बोलत होता. बाबा जेवले, असं तो म्हणाला. वाटीभर जेवले. तिने विचारलं, काय गायलास?

"काहीच नाही. मी दमलो होतो, ताई. चमचा धरून नुसता बसलो होतो. खूप वेळ. मग तेच सुरू झाले. म्हणजे आधी थांबतात. तू गात असशील तेवढा वेळ गप्प राहतात, कान देऊन. मग त्यांची अर्धी ओळ येते आणि तोंड उघडतात. मी त्या मधल्या जागेत गायला गेलो की लगेच मिटतात."

देविका गॅलरीत उभी होती. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. तिला राग आला. आयुष्यभर ज्याने हात आडवा धरला तो आता तिला नसतानाही ऐकत होता, आणि हे तिला सांगायला मिहिर लागला. तिकडे मिहिर रडत होता, पण मंचावर रडला होता तसा नाही. नाक ओढत, वाक्यं तोडत. म्हणाला की पुण्यात प्रत्येक आवाज नुसता कामाचा की बिनकामाचा असाच ऐकायची सवय झाली आहे. म्हणाला की तो ते संगीत दुरुस्त करेल. मूळ रेकॉर्डिंग त्याच्याकडे आहे, सनई काढून तिचा आवाज परत घालतो, जसा आहे तसा, पुढच्या वर्षी माणिकप्पांना तसंच वाजवायला लावतो, तिचं नावही घेतो.

"नको," ती म्हणाली. "पुसून टाक ते."

"ताई, बाबांचा आवाज आहे त्यात."

"बाबा समोर आहेत ना. समोर बस."

फोन चालूच होता. पंख्याची घरघर ऐकू येत होती आणि तिच्या ओळखीचा, ओळ धरण्याआधी बाबा घेतात तो खोल श्वास. देविकाने ओठ मिटून घेतले आणि फोन ठेवून दिला.

आतून वैजनाथने विचारलं, काय म्हणाला.

"जेवले म्हणे," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण केवढ्यातरी मोठ्या आवाजात बोललो.